लसणीचं तेल

दिवेलागण झाली की स्नेहलता लोखंडी पळीत तिळाचं तेल आणि लसणीच्या पाकळ्या घालून गॅसवर धरायची. कोमट झालं की आधी थेंबभर स्वतःच्या मनगटावर घ्यायची, कारण नवऱ्याच्या, हिंमतरावांच्या पायांना भाजलं असतं तरी कळलं नसतं. बाजवा गावाकडच्या एका कारखान्यात ते फिटर होते. परांचीवरून पडले, मणका मोडला आणि कमरेखालचं अंग गेलं. पण त्याच बधिर पायांत संध्याकाळी आग पेटायची. गोळ्यांनी गुंगी यायची, आग हटायची नाही.

स्नेहलता घोट्यापासून वर चोळत जायची.

"बरं वाटतंय?"

"वाटतंय."

सुभानपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत ती एवढ्या उत्तरावर दुसरा दिवस काढायची.

यंदा दवाखान्यातून शैलाबेन येऊ लागल्या. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, मग दुखण्याकडे. त्याच्याशी भांडू नका, असं त्या शिकवायच्या.

"केम छो, हिंमतभाई?"

"भाई नाही, राव म्हणा. तेवढंच उरलंय. आणि मशीन बिघडल्यावर फिटरनं नुसतं बघत बसायचं? अशा फिटरला घरी पाठवतात."

"तुम्ही घरीच आहात ना, राव!" शैलाबेन हसल्या. मग त्यांनी डोळे मिटायला लावले. "आता खरं सांगा. आग कशानं कमी होते? तेलानं?"

हिंमतरावांनी मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली.

"नाही. तेल लावलेलं मला कळतच नाही."

चहाचा ट्रे घेऊन स्नेहलता दारातच उभी होती.

शैलाबेन गेल्यावर तिनं विचारलं, "मग रोज बरं वाटतंय म्हणायचात ते?"

"तू एवढी मन लावून चोळायचीस. काय म्हणणार होतो?"

"नको म्हणायचं होतं."

"मग तू काय केलं असतंस?"

तिनं कप उचलले आणि विसळायला घेतले. एकच कप किती वेळ विसळत राहिली.

दुसऱ्या संध्याकाळी गॅस पेटला नाही. आग मात्र वेळेवर आली. हिंमतरावांनी पलंगाची कड धरली, डोळे मिटले, श्वास मोजूनमापून घेऊ लागले. कपाळावर घाम आला. स्नेहलता उशाशी बसली, उठली, सारखीच असलेली चादर पुन्हा सारखी केली.

"मी काय करू?"

"काही नको. बस नुसती."

तिला बसवेना. फडताळात वाटीत कालचं तेल उरलं होतं. ती आवाज न करता पायथ्याशी आली, चादर वर सारली आणि गार तेलाचा हात घोट्यावरून फिरवू लागली. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. कळणार नव्हतंच.

"स्नेहा, तेल लावतेयस?"

तिचा हात थबकला. "कसं कळलं?"

"लसणीचा वास आला."

"थांबू?"

त्यांनी एक लांब श्वास घेतला. तो मध्येच तुटला.

"आग तशीच आहे," ते म्हणाले. "तू लाव."