चूक कोणाची होती

उत्तमराव सरांचा आणि माझा परिचय झाला तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. अक्कलकुव्याच्या आमच्या छोट्या धर्मादाय दवाखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळायला नुकतीच रुजू झाले होते आणि संगणकांची देखभाल करणारे सर टेबलाखाली शिरून तारा जोडत होते. "बहीण, पाय बाजूले ले बरं, वायर दबी ऱ्हायनी," आतून आवाज आला. मग सर धूळ झटकत बाहेर आले आणि माझ्याआधी त्यांनीच नमस्कार केला. आज ते साठ वर्षांचे होत आहेत, म्हणून हे चार शब्द.

सर तळोद्याहून मोटारसायकलने येतात आणि संगणक प्रणालीचे पॅच, म्हणजे कंपनीकडून येणारी दुरुस्तीची ठिगळे, लावतात. लावताना संगणक कधीकधी विचारतो, "ही फाइल तुमच्याकडे बदललेली आहे. जुनी ठेवू की नवी घेऊ?" असा प्रश्न आला की सर चष्मा पुसतात आणि तो मोठ्याने वाचतात. आम्ही त्याला 'सरांचे पारायण' म्हणायचो. हसायला आमचे काय जात होते!

एकदा सरांना यायला उशीर होता, म्हणून मीच पॅच लावला. चार फाइलींबद्दल प्रश्न आला. नवे ते चांगले, असा माझा साधा हिशेब. चारही वेळा 'नवी' म्हटले. संगणक झकास सुरू झाला आणि रक्त तपासायचे यंत्र मुके झाले. यंत्र कोणत्या तारेने जोडले आहे हे संगणकाला सांगणारी ओळ सरांनी त्यातल्या एका जुन्या फाइलीत घातली होती. ती गेली.

नेमकी त्याच सकाळी सातपुड्यातल्या एका पाड्यावरची गरोदर बाई आली होती. दुपारी ऊसतोडीच्या गाडीने ती नवऱ्याबरोबर गुजरातला निघणार होती. तिच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक होत्या, म्हणजे अंगात रक्त फारच कमी. डॉक्टरसाहेब थांबा म्हणत होते, पण नवरा म्हणाला, "साहेब, कागदावर दाखव. मुकादम गाडी नाय थांबवत." हाताने तपासायचे रसायनही संपलेले. मी रडवेली होऊन सरांना फोन लावला.

"आते कोठेच हात लावू नको. मी ई ऱ्हायनू," एवढेच ते म्हणाले.

आल्यावर सरांनी संगणकाने बाजूला ठेवलेली जुनी फाइल शोधली आणि नवीशेजारी उघडली. सरसकट जुनी परत टाकली असती तर काम पाच मिनिटांत झाले असते, पण मग दुरुस्ती वाया गेली असती. ते ओळीओळीने वाचत गेले. नव्यातली दुरुस्ती ठेवली, जुन्यातली आपली ओळ तिच्यात घातली. यंत्राने घरघर केली आणि बाईच्या हिमोग्लोबिनचा आकडा छापून आला. डॉक्टरसाहेबांनी तो नवऱ्याला समजावून सांगितला. तो कागद घेऊन बायकोकडे गेला.

"ती बाई गाडीमा बठनी का?" सरांनी मला विचारले.

"नाही सर, थांबली."

तेव्हा कुठे सरांनी पाणी मागितले. माझा तर जीव भांड्यात पडला. बाईला रक्त चढवले, पुढे बाळंतपणही सुखरूप झाले.

त्या दिवसापासून सरांनी एक रीत पाडली. फाइलीतली कोणतीही ओळ बदलली की तिच्यावर ते अहिराणीत कारण लिहितात. "हाई ओळ काढू नका, रगत तपासानं मशीन बंद पडी जाई." संगणकाला ते वाचायचे नसते, ते आमच्यासाठी असते. आता पॅच मीच लावते आणि पारायणही करते.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. त्या दुपारी डॉक्टरसाहेबांनी रागाने विचारले, "हे केले कोणी?" माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. सर पटकन म्हणाले, "साहेब, फाइलमा बदल मी करेल व्हता, पन हाईले सांगं नही. चूक मन्ही शे." साहेबांनी सरांना बरेच सुनावले. मी खाली मान घालून उभी राहिले.

साहेब, आज तुम्हीही इथे बसला आहात म्हणून सांगते, सरांनी मला सांगितले होते. त्या फाइलीला हात लावू नको, असे दोनदा बजावले होते. मी विसरले होते आणि नंतर गप्प बसले.

सर, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. हे सांगायला मला इतकी वर्षे लागली, आणि ते ऐकायला तुम्ही आहात, याचा मला फार आनंद आहे.