मुलीचं बाळंतपण करायला

व्हिसाच्या अर्जात 'प्रवासाचा हेतू' असा रकाना होता. मी त्यात इंग्रजीत लिहिलं, 'टू डू माय डॉटर्स डिलिव्हरी'. मुलीचं बाळंतपण करायला. बाळंतपण आईच करते. माझं माझ्या आईने केलं, तिचं तिच्या आईने. यात कुणाला काही शंका येईल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. थोड्या दिवसांनी तिकडच्या इमिग्रेशन ऑफिसचा ईमेल आला. व्हिजिटर व्हिसावर वैद्यकीय काम करता येत नाही. आपण डॉक्टर किंवा सुईण असल्यास नोंदणीचा पुरावा जोडावा. तोवर अर्ज प्रलंबित राहील.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. त्यांनी मला सुईण करून टाकलं. हे ऐकून आमचे हे इतके हसले, की त्या दुपारी मी त्यांना चहा दिला नाही.

मुलीला आठवा सरत आला होता. मी उलट ईमेल केला. उत्तर आलं, 'आपला संदेश मिळाला.' पुन्हा केला, पुन्हा तेच. शेवटी वारज्याहून रिक्षा करून व्हिसाचे अर्ज घेतात त्या केंद्रावर गेले. काचेपलीकडच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "काकू, आम्ही फक्त कागद पुढे पाठवतो. निर्णय तिकडे."

"मग तिकडे विचारा ना."

"विचारायची सोय नाहीये."

"अहो, मग इथे बसता कशाला?"

"कागद घ्यायला."

माझ्याच गावची मुलगी, माझ्याच तोडीचं उत्तर. मी निमूट बाहेर आले आणि रागारागात तशीच मार्केट यार्डात जाऊन डिंक, खारीक, खोबरं घेऊन आले. लाडू वळताना तरी डोकं शांत होईल असं वाटलं होतं. नाही झालं. डबा भरला, पण न्यायचा कधी, ते कुणी सांगेना.

त्यांचं ऑफिस आपल्या संध्याकाळी उघडतं. रोज दिवेलागणीला मी फोन लावून बसायची. पलीकडे संगीत वाजायचं, मग फोन कट. एकदाचा माणूस भेटला. अगदी गोड बोलणारा. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. तिथे येऊन मी नेमकं काय करणार, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, बाळाला तेल लावून न्हाऊ घालीन, मुलीला शेक-शेगडी, तिचं खाणंपिणं. तिला जरा झोप मिळायला हवी.

"दिवसाचे किती तास?"

"तास? आईला तास असतात का?"

"तुम्ही आला नाहीत, तर या कामांसाठी तिला कुणी ठेवावं लागेल?"

"लागेलच की!" मी ठसक्यात म्हणाले.

"मॅडम, मग ही नोकरी झाली."

संतापाने मी फोन ठेवला आणि रडले. मुलीनेच मग सांगितलं, "आई, वाद घालू नकोस गं. नुसती भेटायला येतेय असं लिहून दे." दिलं लिहून. मी फक्त पाहुणी म्हणून येत आहे, मुलीच्या घरी कोणतंही काम करणार नाही. इतकं खोटं वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

तरीही अर्ज प्रलंबितच. नात झाली. बारसं मोबाइलवर पाहिलं, पाळण्याचं गाणं इथून म्हटलं, ते तिकडे अडकत अडकत पोचलं. डब्यातले लाडू हे रोज चहाबरोबर खात होते. "छान झालेत," म्हणाले एकदा. बाळंतीण असल्यासारखे.

व्हिसा आला तेव्हा नात मान धरायला लागली होती.

पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटीत तेल कोमट केलं, पदर खोचला. पाहते तर जावयाने बाळाला न्हाऊ घालून गुंडाळलंसुद्धा होतं. मुलीने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "आई, तू बस गं निवांत. आमचं सगळं बसलंय आता."

मी सोफ्यावर बसले. तिने ठेवणीतल्या कपबशीत चहा आणून दिला. तक्रार कुठल्या तोंडाने करणार? तसं मीच लिहून दिलं होतं.