मूळ प्रत कुणाला देऊ नये

कुणालाही कशाचीही मूळ प्रत न देणारा जगात एकच माणूस जन्माला आला, आणि तो नेमका माझ्याच डोक्यावर येऊन बसला. म्हणजे वडशाला आमच्या नाटक कंपनीचं बुकिंग ऑफिस खाली, आणि वरच्या खोलीत याचे कॉम्प्युटरचे क्लास. याचे वडील घड्याळं दुरुस्त करत. हा माणसं दुरुस्त करायला निघालेला. वयाने माझ्याहून लहान, तरी सगळे त्याला सर म्हणत. पेपर मागितला तर पानाची झेरॉक्स आणून द्यायचा! वर ऐकवायचा, "भाऊ, प्रोग्राममंदली मेथड म्हंजे कामाले लावलेला माणूस समजा. त्याले नुसता आकडा देला तं नक्कल जाते, कितीबी खोडू द्या. पन यादी देली तं आपली मूळ यादीच त्याच्या हाती पडते. त्यानं खोडलं का आपलंच खोडलं!" हे मी दिवसातून तीनदा ऐकायचो. जाणार कुठं?

अधिकच्या चिन्हावर त्याचा विशेष राग. प्रोग्राममध्ये म्हणे तेच चिन्ह आकड्यांची बेरीज करतं, आणि शब्दांना नुसतं एकमेकांशेजारी बसवतं. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून पेढा दिला, तर म्हणतो, "चिन्ह तेच हाय भाऊ. बेरीज झाली का नुसते बाजूबाजूले बसून राह्यले, ते वैनीले पुसा." मी विचारलं नाही. तेवढी अक्कल शाबूत होती.

मागच्या हंगामात मात्र मी हरलो. माझी बुकिंगची डायरी कपाटात गेली आणि याचा प्रोग्राम आला. एकच महिना दाखवायचा तर बाकीच्या तारखा गाळणारी मेथड त्याने लिहिली, आणि अहो, तिला नक्कल नाही, मूळ यादीच दिली! ह्या माणसाने! डिसेंबर पाहिला की जानेवारीची बुकिंगं साफ. मोकळी दिसलेली तारीख मी मूल तालुक्यातल्या एका गावाला देऊन बसलो. ती आधीच दुसऱ्या गावाची होती. मालक म्हणाले, "एकबी गाव तुटलं तं उद्यापासून घरी बसा."

सर माझ्यासोबत मोटरसायकलवर त्या मूल तालुक्यातल्या गावी आला. गावच्या नाट्यमंडळासमोर पारावर कोळशाने चौकोन काढून मूळ आणि नक्कल समजावू लागला. अर्धा तास! शेवटी एक म्हातारी उठली. "काऊन डोकं खाऊन राह्यला बापू? नाटक दुसऱ्या दिवशी करा, पन याले आधी घेऊन जा." तारीख एक दिवस पुढे सरकली. माझी नोकरी वाचली.

उन्हाळ्यात त्याने क्लास बंद केला. पोरं आता नागपूरला शिकायला जातात, तोही तिकडेच नोकरीला निघाला. जाताना खाली आला आणि ज्या वहीवरून एवढी वर्षं शिकवलं ती टेबलावर ठेवली. मी सवयीने म्हटलं, "झेरॉक्स ठेवून जा ना."

"मूळच हाय भाऊ," तो म्हणाला. "तुमी काईबी खोडा."

आता वर कुलूप आहे, दुपारी फार शांत वाटतं. मेल्याची आठवण येते. माझी डायरी पुन्हा बाहेर आली आहे, तिच्यात मी रोज काटाकाट करतो. शेजारीच त्याची वही असते. तिच्यात अजून एक रेघसुद्धा ओढवली नाही.