ज्या टाइपला नावच नाही, त्याचं नाव सांग म्हणे!

मंडळी, दुपारपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून इथं लिहून राहिले.

आज आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेची प्रॅक्टिकल परीक्षा होती. वैशाली माझी विद्यार्थिनी, लाखांदूरहून रोज एसटीनं येते. तिनं एक छोटं लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन लिहिलं आणि त्याचा टाइप, म्हणजे प्रकार, लिहायच्या जागी 'ऑटो' हा शब्द टाकला. 'ऑटो' म्हणजे टाइप कंपायलरनं, आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामनं, स्वतःच ओळखायचा. प्रोग्राम झकास चालला.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "शॉर्टकट नको. टाइपचं पूर्ण नाव लिही."

"सर, याले नाव लिहिताच येत नाही. कंपाइल होताना कंपायलर स्वतःच हा टाइप बनवते."

"मले शिकवून राहिली का?" म्हणत त्यांनी तिला प्रॅक्टिकलमधल्या तोंडी परीक्षेत शून्य मार्क दिले.

वैशालीचं उत्तर बरोबर होतं. मी म्हटलं, "सर, मग तुम्हीच लिहून दाखवा." त्यांनी तीन नावं टाकून पाहिली. तिन्ही वेळा एरर आला. तरी म्हणाले, "एकदा दिलेले मार्क मी बदलत नाही."

मार्कांच्या कागदावर कॉलेजची परीक्षक म्हणून माझीही सही लागते, ती मी केली नाही. प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. आता तिची तोंडी परीक्षा उद्या दुसऱ्या परीक्षकांसमोर होईल.

तरी राग उतरत नाही. तक्रार देऊन मी लॅबमध्ये परत आले तेव्हा वैशाली त्याच सरांना "सॉरी" म्हणत होती. मी बाजूला घेऊन विचारलं, "सॉरी काहून?"

"मॅडम, पुढच्या वर्षी हेच सर आले तं?"

शिकवणाऱ्यांनो, खरं सांगा. "मला माहीत नाही" एवढं म्हणायला आपल्याला इतकं जड काहून जाते?