मयताच्या दारातलं लाल पागोटं

मोगलाईतल्या गेवराईत, कापसाच्या बाजारामागं, मुंबईच्या एका बड्या विमा कंपनीची कचेरी होती. तिथं आसारामनं अकरा वर्षं शिपाईगिरी केली. म्हातारपणी शेरडं वळताना त्याला ते दिवस आठवत, आणि आधी आठवायचं ते डोक्यावरचं लाल पागोटं.

विमा उतरवायचे ते मोठे पाटील आणि कापसाचे व्यापारी. त्यांच्यातलं कुणी गेलं की शिपाई निघे. घरी जाऊन मयताची खात्री करायची, गावचा दाखला आणायचा. ऊन असो की सिंदफणा नदी भरलेली असो, दहा-दहा कोस पायीच. त्याचं आसारामला काही वाटत नसे. धनगराच्या पोटचा तो, पाय त्याचे रानाचेच. सलायचं ते पागोटं. छातीवर पितळी बिल्ला आणि डोक्यावर लाल पागोटं नसेल तर हजेरी लागणार नाही, असा कंपनीचा कायदा होता.

आपल्याकडं मयताच्या दारात माणूस बोडक्या डोक्यानं जातो, मुकाट बसतो, मग बोलतो. हे शिपाई मात्र लालभडक होऊन जायचे. बायका लांबूनच म्हणायच्या, "आला बघा यमाचा नवरदेव!"

एकदा तो शिरूरकडच्या वाडीत गेला. पाटील जाऊन तिसराच दिवस. त्यांची बायको सत्यभामा भिंतीला टेकून बसलेली, कपाळ नुकतंच पुसलेलं. तिनं त्या लाल रंगाकडं पाहिलं आणि कपाळावर आडवा हात धरला. आसारामनं पागोटं उतरवलं, घोंगडीत गुंडाळलं आणि खाली बसला. शेजाऱ्यांनी आणलेला कडू घास तिच्या पोटात जाईपर्यंत तो उठला नाही.

पुढं तो वेशीबाहेरच पागोटं काढू लागला. हे कचेरीत कळलं तसं तिथल्या राधाकिशन साहेबांनी त्याला बोलावून बजावलं, "पुन्हा बोडका दिसलास तर बरखास्त!"

त्याचा जोडीदार सटवा म्हणाला, "कावून कंपनीशी डोकं लावतो बे? ऱ्हाऊ दे की पागोटं. पोटाला भाकर तर हाय."

"भाकर गळ्याखाली उतरत न्हाई, सटवादा. त्या माउलीचा हात दिसतो."

सटवा तंबाखू मळता मळता म्हणाला, "धारूरचा माझा मावसा गेला, तवा कंपनीनं मलाच धाडलं. हेच घालून गेलतो. मावशी अजून बोलत न्हाई माझ्याशी."

दुसऱ्या दिवशी हजेरीला कचेरीतले पाचही शिपाई बोडक्या डोक्यानं आले. साहेबापुढं उघड्या डोक्यानं उभं राहणं म्हणजे त्या काळी केवढी बेअदबी! पण राधाकिशन साहेब रागवायचं विसरले. ते चटकन खुर्चीतून उठले, दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, कोण गेलं?"

"कंपनीची रीतभात गेली, साहेब. आमी बसाया आलोय." एवढं बोलून आसाराम भुईवर बसला. मागोमाग चौघं बसले.

साहेबांचा चेहरा तापला. ओरडायला म्हणून त्यांनी हात उचलला, तर हातात त्यांचीच काळी टोपी. कोण गेलं, हे विचारतानाच ती डोक्यावरून उतरली होती, त्यांच्याही नकळत. त्या टोपीकडं बघत ते उभेच राहिले. मुन्शीनं दप्तरात तोंड खुपसलं.

साहेबांनी झाला प्रकार मुंबईला कळवला. महिन्यानं तिथून हुकूम आला. मयताच्या दारात पागोटं माफ. आणि आसाराम बरखास्त. त्यानं पागोट्याची नीट घडी केली, वर बिल्ला ठेवला, आणि आपल्या वाडीची वाट धरली.

बऱ्याच वर्षांनी त्याच्या वाडीतले मोठे पाटील वारले. वेशीजवळच्या बाभळीखाली आसाराम शेरडं घेऊन बसला होता. वाटेनं एक लाल पागोटं येताना दिसलं. नवा शिपाई बाभळीशी थांबला, पागोटं काढून त्यानं पिशवीत घातलं.

"कावून काढलं, पाव्हणं?"

"कंपनीचा कायदा हाय, बाबा. पहिल्यापासूनचा."

"पहिल्यापासूनचा," आसाराम हळूच म्हणाला. मग त्यानं आपलं मुंडासं उतरवून काखेत धरलं आणि पाटलाचं दार दाखवायला तो पुढं चालू लागला.