तळहातावर तोललेला कॉम्प्युटर

माझे साडू वजनमापे खात्यात निरीक्षक होते. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. खात्याने त्यांना सोडलं, त्यांनी खातं सोडलेलं नाही. नात्यात सगळे त्यांना तराजूराव म्हणतात. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना तो आपला गौरव वाटला, यावरून माणसाची कल्पना यावी.

कुठलीही वस्तू हातात आली की ते ती तळहातावर घेतात, हात किंचित वरखाली करतात, डोळे अर्धवट मिटतात आणि निकाल देतात. जड असेल तर माल अस्सल, हलका असेल तर फसवणूक. पेन, चप्पल, कुलूप, छत्री, लग्नपत्रिका, सगळ्यांना हीच कसोटी. त्यांनी आम्हाला भेट दिलेला चहाचा मग इतका जड आहे की माझी बायको तो दाराला अडसर म्हणून लावते. मी हलक्या फ्रेमचा चष्मा केला तेव्हा त्यांनी तो माझ्या नाकावरून काढून तोलला आणि म्हणाले, तुम्हाला गंडवलं. नाकावर ओझं नको म्हणूनच लोक अशा फ्रेमला जास्त पैसे मोजतात, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी चष्मा परत मागून घेतला.

उभी नोकरी त्यांनी दुकानदारांची वजनं तपासण्यात आणि त्यांवर शिक्के मारण्यात घालवली. साखर ओली आहे की तीत मुंग्या आहेत, हे बघणं त्यांच्या खात्याचं काम नव्हतं, आणि त्यांनी ते कधी बघितलंही नाही. वजन बरोबर भरलं की त्यांच्या लेखी मुंग्यांसकट साखर शुद्ध. पारड्याखाली शिसं चिकटवणारे दुकानदार आपण कसे रंगेहाथ पकडले, हे त्यांचं आवडतं पुराण. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की कुठे हसायचं ते मला पाठ आहे. मी तिथे हसत नाही.

त्यांची मुलगी, म्हणजे माझ्या बायकोची भाची, या घरात कशी जन्मली हे एक कोडंच आहे. ती फर्निचरच्या कंपनीत कपाटांची आणि ओट्याखालच्या खणांची ड्रॉइंग कॉम्प्युटरवर करते. कंपनीने आमच्या इथलं ऑफिस बंद करायचं ठरवलं आणि सगळ्यांना कळवलं, की घरी स्वतःचा कॉम्प्युटर घ्या आणि एका पूर्ण घराच्या फर्निचरची ड्रॉइंग शनिवारी संध्याकाळपर्यंत घरून पाठवा. ज्यांना जमेल त्यांनी पुढे घरून काम करावं. बाकीच्यांना नारळ.

भाचीने वडिलांना सरळ सांगितलं होतं की रॅम भरपूर हवी, ड्रॉइंगसाठी वेगळं कार्ड हवं, बाकी सगळं साधं आणि जुनं असलं तरी चालेल. तिला स्वतःच दुकानात जायचं होतं. तराजूराव म्हणाले, "तू चित्रं काढ. खरेदी मी बघतो. जन्मभर दुसरं केलंय काय मी?" खरेदी त्यांनी जन्मभर कधीच केली नव्हती, दुसऱ्यांच्या खरेदीत नाक खुपसलं होतं. पण हे त्यांच्या तोंडावर बोलणारं त्या घरात कुणी नव्हतं. मेहुणीने माझ्या बायकोला फोन केला आणि बायकोने मला पिटाळलं. "तुम्ही नुसते बरोबर जा," ती म्हणाली, "आणि भावोजींना आवरा."

पहिलं दुकान अगदी लहान होतं. ऑफिसांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर घेऊन, साफसूफ करून तिथे विकत. काउंटरवरच्या मुलीने आधी विचारलं, काम काय करायचं आहे. मला तिथेच दुकान आवडलं. तिने एक काळा, चपटा, दिसायला अगदीच गरीब असा डबा पुढे ठेवला. यात रॅम वाढवून देते, ड्रॉइंगचं कार्ड बसवते, जुनी डिस्क काढून एसएसडी टाकते, म्हणाली. या सगळ्यात जो पैसा वाचेल तो मॉनिटरवर घाला, कारण दिवसभर डोळे त्यातच जाणार. की-बोर्ड आणि माऊस वापरलेले चालतील, फक्त हाताला बसतात का ते बघून घ्या. घरासाठी स्वस्तात कॉम्प्युटर घेण्याबद्दल याहून शहाणपणाचं बोलणं मी ऐकलेलं नाही.

तराजूरावांनी डबा उचलला आणि नाक मुरडलं. मग मुलीने त्यांच्या हातावर एसएसडी ठेवली. साबणाच्या झिजलेल्या वडीएवढी ती वस्तू. त्यांनी हात वरखाली केला, पुन्हा केला.

"आत काही आहे का पण?" त्यांनी विचारलं.

आत फिरणारं काही नसतं, म्हणून हलकी, आणि म्हणूनच जलद, असं मुलीने समजावलं. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बघितलंत? रिकामी डबी विकतायत."

दुसरं दुकान मोठं, रंगीत दिव्यांनी लखलखणारं. तिथल्या दुकानदाराने काही विचारलं नाही. त्याने तराजूरावांना एक की-बोर्ड उचलून तोलताना पाहिलं, आणि तेवढं त्याला पुरलं. त्यानंतर आतून जे जे आलं ते दोन हातांनी धरून आलं. जुनं, जाड धातूचं कार्ड. लोखंडी पायाचा मॉनिटर. विटेसारखी हार्ड डिस्क. बाजूला काच लावलेलं कॅबिनेट. आणि सगळ्यात शेवटी वीज पुरवणारा पॉवर सप्लाय.

"हा धरा साहेब. तुम्ही हात लावलात की तुम्हालाच कळेल."

निवृत्तीनंतर त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. ते विरघळले. मी आठवण करून दिली की भाचीने सगळ्यात आधी रॅम सांगितली होती. "अहो, ती पट्टी बघितलीत का?" ते म्हणाले. "कंगव्याएवढी आहे. नंतर टाकू." दुकानदाराने मान डोलावली. मी पुन्हा बोललो तर, हिशेबनीसाने आपले जमाखर्च सांभाळावेत, असं मला ऐकवलं गेलं. पैसे भाचीच्याच पगारातले होते. तो पगार वडिलांच्या खात्यात जमा होत असे.

घरी ते धूड टेबलावर मावेना, म्हणून टेबल बदललं. शेजाऱ्यांना बोलावून काचेतून दिवे दाखवले. तराजूराव प्रत्येकाला कॅबिनेट एका बाजूने उचलून बघायला लावत. ड्रॉइंगचा प्रोग्रॅम उघडायला लागे तेवढ्यात भाची चहा करून, पिऊन, कप विसळून येई. एक कपाट फिरवून बघायचं तर पडदा गोठायचा. बरोबर आलेल्या जड माऊसने तिचं मनगट धरलं. तक्रार केली की वडील म्हणत, "दमाने घे. भारी यंत्र आहे, वेळ लागणारच." भाचीने मात्र पहिल्या दिवसापासून त्या यंत्रावर भरवसा ठेवला नाही. केलेलं प्रत्येक ड्रॉइंग ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेत होती.

शनिवारी दुपारी तिचा मला फोन आला. "काका, बंद पडलाय. येता का?"

मी गेलो तेव्हा खोलीत जळका वास भरला होता. तराजूराव उभे राहून मुलीचीच चूक सांगत होते. दिवसभर बडवत असते, दुसरं काय होणार. भाचीने प्लग काढला, स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि पॉवर सप्लायचा डबा मोकळा करून उघडला. आत बोटभर सर्किट, चार बारीक तारा, आणि तळाला गोंदाने चिकटवलेली एक जाड लोखंडी पट्टी. ती पट्टी कशालाही जोडलेली नव्हती. ती फक्त हाताला जड लागण्यासाठी होती.

मेहुणी दारात होती. तिने तोंडावर हात ठेवला, पण हसू तिला आवरलं नाही. लग्नापासूनचं साठलेलं असावं, बराच वेळ हसत होती.

पारड्याखालचं शिसं शोधण्यात हयात घालवलेल्या माणसाने वजन म्हणून लोखंड विकत घेतलं होतं, तेही मुलीच्या पैशाने, छाती पुढे काढून. एखाद्याने मान खाली घातली असती. तराजूराव आत गेले आणि आपला लहान ताणकाटा घेऊन आले. पट्टीला दोरा बांधून त्यांनी ती टांगली.

"बाबा, मला संध्याकाळी ड्रॉइंग द्यायचीत," भाची म्हणाली.

"हो, पण ही लबाडी बघ ना. शिसं नाही वापरलेलं. लोखंड आहे."

त्यांच्या आवाजात जवळजवळ कौतुक होतं. मुलीची नोकरी हातची चालली होती आणि हा गृहस्थ धातूचा प्रकार सांगत होता. इतकी वर्षं मी त्यांना नुसते मूर्ख समजत होतो. त्या क्षणी कळलं की मी त्यांना फार सवलत देत होतो. मूर्खाला निदान समोर उभं असलेलं माणूस दिसतं.

भाचीने पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला. "काका, ते पहिलं दुकान दाखवा." तराजूराव पायात चपला सरकवू लागले.

"तुम्ही नको, बाबा." आवाज चढवलेला नव्हता. ते एका चपलेवर उभे राहिले.

तीच मुलगी काउंटरवर होती. भाचीने काहीही उचलून बघितलं नाही. तिने तो काळा डबा सुरू करायला सांगितला, आपलं सगळ्यात मोठं ड्रॉइंग त्यात उघडलं आणि पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवलं. मग रॅम वाढवून घेतली आणि पुन्हा फिरवलं. फरक मलासुद्धा दिसला. माऊस तिने टेबलावर थोडा वेळ चालवून बघितला आणि सगळ्यात साधा घेतला. मॉनिटर घरचाच ठेवला, कारण पाय लोखंडी असला तरी पडदा ठीक होता. पैसे तूर्त मी भरले. वस्तू अशी घ्यायची असते, आपलं काम बरोबर नेऊन.

उजेड होता तोवर ड्रॉइंग गेली. सोमवारी कंपनीचं उत्तर आलं. काम राहिलं.

तराजूराव त्या रंगीत दुकानात तक्रार घेऊन गेले. दुकानदाराने त्यांना पुन्हा साहेब म्हटलं, चहा पाजला आणि दुसरा पॉवर सप्लाय हातात दिला. पहिल्याहून जड आहे, असं ते आनंदाने सांगत घरी आले. मुलीचं काम आता काळ्या डब्यावर चालत होतं, तेव्हा तो कशाला जोडायचा हा प्रश्न त्यांना पडला नाही.

पुढच्या आठवड्यात भाची माझ्याकडे आली. तिला बँकेत स्वतःच्या एकटीच्या नावाने खातं उघडायचं होतं, आणि कंपनीला पगार तिकडे पाठवायला सांगायचं होतं. "बाबांपासून लपवा म्हणत नाही," ती म्हणाली. "विचारलं तर सांगा." मी बरोबर गेलो. त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलंही. तेव्हापासून ते नात्यात सगळीकडे म्हणतात की मी त्यांचं घर फोडलं.

म्हणू देत. परवा मेहुणीचा फोन आला होता. खातं उघडायला काय काय लागतं, ते ती विचारत होती.