कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. नोकरी केली पाण्याच्या टाक्या सांभाळायची, पण जीव सगळा गाड्यांत. घराच्या बाजूला पत्र्याखाली कुणाची ना कुणाची गाडी बॉनेट उघडून उभी असायचीच. तपासायची रीतही डॉक्टरचीच. इंजिन चालू करायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका भागावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निदान. ते चुकत नसे, हे मी बायको असून सांगते.

अलीकडे मात्र ह्यांच्या कानांनीच दगा दिला. जाड आवाज येतात, बारीक निसटतात. दारावरची बेल वाजून वाजून दमते. कुणी बोलायला लागलं की हे अंदाजाने हसतात, आणि नेमकं तो माणूस आपल्या आईचं दुखणं सांगत असतो. कान दाखवून या म्हटलं, तर म्हणे, “तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस.” लग्न झाल्यापासून माझा आवाज तीन घरांपलीकडे जातो, ही ह्यांचीच तक्रार!

त्या रविवारी मुलगी गाडी घेऊन आली. नवी नोकरी लागली होती, लहान लेकीला घेऊन तिला डोंगरापलीकडच्या गावी जायचं होतं. ह्यांच्या जवळ जाऊन म्हणाली, “बाबा, पुढून चिरचिर येतेय. गॅरेजवाल्याला दाखवू का?”

गॅरेजवाला म्हटल्यावर ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “बाप काय मेलाय?” म्हणत बाह्या सरसावल्या. सकाळभर इंजिनात डोकं घालून होते. शेजारचा शिंपीही कात्री ठेवून बघायला आला. शेवटी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि मान हलवली. “पट्टा सैल होता, ताणला. खुशाल जा आता.”

इंजिन चालू होतं आणि चिरचिरही चालूच होती. मला दारातून ऐकू येत होती. शिंपी एकाएकी स्वतःच्या चपला न्याहाळायला लागला. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि मोठ्याने म्हणाली, “हो बाबा, गेला आवाज.” बापाची लाज राखली तिने. लेकीला उचललं आणि मागच्या सीटवर बसवायला लागली.

मी दारातून धावत अंगणात आले.

“गेला नाही!” मी ओरडले. “अजून येतोय!”

एवढं मात्र ह्यांना स्पष्ट ऐकू आलं. “तुला काय कळतंय त्यातलं?” म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. मुलीकडे पाहिलं, तिने नजर चुकवली. शिंप्याकडे पाहिलं, तो वळून अंगणाबाहेर बघत होता. मग ह्यांना उमगलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. ज्या माणसाला गल्लीने मान दिला, त्याला मी चारचौघांत खाली बघायला लावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ह्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. “केस बांध. पट्ट्यापासून लांब राहा. मूठ कानाला लाव.” टोक स्वतःच धरून एका जागी टेकवलं. “काय येतंय?”

“खरखर,” मी हळूच म्हणाले. निदान शिंप्याला तरी कळू नये.

“काय?”

मी ह्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, माझ्या ओठांकडे बघितलं. काही पोचलं नाही.

“मोठ्याने सांग.”

“खरखर येतेय!” माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. “कोरडी! वाळू घासल्यासारखी!”

समोरच्या घराची खिडकी उघडली. ह्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“पुलीचं बेअरिंग गेलंय,” ते म्हणाले. “टायमिंग बेल्ट तुटून इंजिनच बंद पडलं असतं. ऐन चढावर.”

मग मागचं दार उघडून नातीला बाहेर काढलं आणि माझ्याकडे दिलं. मुलीकडे बघायचं धाडस होईना, म्हणून बॉनेटकडे बघतच तिला म्हणाले, “गॅरेजवाल्याला फोन लाव. तूच बोल त्याच्याशी. मला ऐकू येत नाही.”